नदी सुरय: ‘दुर्मीळ’ की ‘असुरक्षित’?

प्रश्न असा आहे, की नदी सुरय हा पक्षी उजनीच्या जलाशयावर सहज दिसत असताना त्याला ‘दुर्मीळ’ म्हणावे का, आणि म्हणू नये तर कोणता शब्द योजावा.

माझ्या मते ‘दुर्मीळ’ येथे चुकीचाच आहे. जे मिळणे किंवा दिसणे कठीण, ते दुर्मीळ. पिवळीधमक चोच, विणीच्या काळातील काळी टोपी आणि खोल दुभंगलेली लांब शेपटी असलेला हा पक्षी पाण्यावर घिरट्या घालत मासोळी हेरतो आणि सूर मारून ती उचलतो, तेव्हा तो नजरेतून सुटणे अवघड. मात्र आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रजातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या आपल्या लाल यादीत २०२० साली त्याला अधिक धोक्याच्या ‘व्हल्नरेबल’ (Vulnerable) या श्रेणीत नेले. ही श्रेणी ठरवताना आज किती पक्षी आहेत एवढेच नव्हे, तर त्यांची संख्या किती वेगाने घटते आहे, हेही पाहिले जाते.

या श्रेणीसाठी मराठीत ‘असुरक्षित’ हा शब्द रुळला आहे. ‘संकटग्रस्त’ बहुधा तिच्याही वरच्या श्रेणीसाठी योजतात, म्हणून तो येथे टाळावा. ‘असुरक्षित’ थोडा गुळमुळीत वाटतो खरा, परंतु या पक्ष्याच्या विणीकडे पाहिले तर तो अक्षरशः लागू पडतो. साधारण मार्च ते मे या काळात मादी नदीपात्रातील उघड्या बेटावर, वाळूतल्या उथळ खळग्यात किंवा नुसत्या खडकावर, दोन-तीन अंडी घालते. त्यांच्यावरचे तपकिरी ठिपके भोवतालच्या रंगात मिसळतात, एवढाच काय तो आडोसा. उन्हाळ्यात पाणी ओसरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री आणि कोल्हे तेथवर पोहोचतात, धरणातून अवेळी पाणी सोडले तर अख्खी वीण वाहून जाते, आणि वाळूउपसा झाला तर बेटच उरत नाही. कावळे व घारी तर नेहमीच्याच. कर्नाटकातील भद्रा जलाशयातल्या बेटांवर हे पक्षी मोठ्या संख्येने विणीला जमतात, पण थवा मोठा म्हणून धोका लहान होत नाही.

तेव्हा ‘नदी सुरय ही लाल यादीतील असुरक्षित श्रेणीची प्रजाती आहे’ असे लिहावे; जागा थोडी असेल, तर ‘संख्या घटत असलेला पक्षी’ चालेल. ‘घरटे बांधतो’ हा प्रयोगही त्याच्या बाबतीत टाळून ‘उघड्यावर अंडी घालतो’ असेच म्हणावे.