यवतमाळकडच्या खेड्यात राहतो. मोबाइलवरचा एआर गेम (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेवर खोट्या वस्तू दाखवणारा) चांगला की वाईट, हे कसं ओळखावं?

आधी तुमचा फोन गूगलच्या एआरकोअर यादीत, म्हणजे एआर चालणाऱ्या फोनच्या यादीत, आहे का ते बघा. जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा भाग) नसलेल्या स्वस्त फोनवर असे बरेच गेम धड चालतच नाहीत.

मग खरी परीक्षा अंगणात घ्या. गेममधली वस्तू जमिनीवर ठेवा, तिच्याभोवती चक्कर मारा आणि परत तिथंच या. ती जागची हलली, तर गेम कच्चा. पण जागाही नीट निवडा. कॅमेरा जमिनीवरच्या खुणा धरून अंतर मोजतो, त्यामुळे सारवलेल्या अंगणात तो चांगला टिकतो. चकचकीत टाइल्सवर किंवा कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर चुकतो. मे महिन्यात दुपारी तपासूच नका, फोन तापून गेम अडखळतो आणि दोष उगाच गेमला लागतो.

पोकेमॉन गोसारख्या नकाशावरच्या गेमचं वेगळं आहे. त्यात खऱ्या ठिकाणी जाऊन खेळावं लागतं आणि त्यातली बरीच ठिकाणं खेळाडूंनीच सुचवलेली असतात, म्हणून शहरात ती पावलोपावली आणि आपल्याकडे एखाद्या देवळापाशी. खेड्यात मला तरी घरबसल्या खेळता येणारेच गेम बरे वाटतात.

आणि पोरांना फोन डोळ्यांसमोर धरून धुऱ्यावर फिरू देऊ नका. बिनकठड्याच्या विहिरी आहेत, पऱ्हाटीत साप असतात.