वाचनयादी एकच, फाइली सतरा

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठीची वाचनयादी मी ईमेलने पाठवते. दुरुस्ती केली की नवी फाइल. कोणाकडे कुठली आहे, कळेनासं होतं. फुकट उपाय आहे का?

उत्तर : माझ्याकडे 'अंतिम-नवीन-२' नावाच्या फाइली अजून सापडतात! झोटेरो वापरून पाहा. पुस्तकं-लेखांच्या संदर्भनोंदी साठवायचं, २००६पासूनचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात ग्रुप उघडा, विषयवार कलेक्शन करा; तुम्ही नोंद सुधारलीत की सिंक होऊन सगळ्यांकडे सुधारते. संपादनाचा हक्क मात्र स्वतःकडेच ठेवा. माझ्या एका उत्साही विद्यार्थ्याने 'साफसफाई' करताना निम्मी यादी उडवली होती. नुसत्या नोंदी कितीही ठेवा. पीडीएफ जोडल्यात तर फुकटचे ३०० एमबी लवकर भरतात, आणि ग्रुपच्या फाइली मालकाच्याच खात्यात मोजल्या जातात. मी पीडीएफऐवजी डीओआयवरच, म्हणजे लेखाच्या कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांकावरच, भागवतो.