इंग्रजी, कॅटलान (स्पेनमधल्या कॅटलोनियाची भाषा) आणि स्वीडिश तिन्हीत सेम स्पेलिंगचा पण वेगळ्या अर्थाचा शब्द आहे का? अशा शब्दांचं मूळ एकच असतं का?

आहे ना, फार्ट (fart). आणि नाही, मूळ एक नाही. उत्तर खरं तर इथंच संपलं, पण या शब्दावरून मी आमच्या भावोजींचं इतकं ऐकून घेतलंय की आता लिहितेच.

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते. ताई-भावोजी उन्हाळ्यात आलेले. आमच्या पार्किंगच्या तोंडाशी 'इनफार्ट' अशी पाटी आहे, म्हणजे गाड्या आत घ्यायचा रस्ता. भावोजी नाक दाबून पाटीखाली उभे, ताईने फोटो काढला आणि पाच मिनिटांत फॅमिली ग्रुपवर, वर "बघा कुठे राहते ही". मी म्हटलं अहो स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ वेग, गती, 'फारा' म्हणजे जाणं, त्याच्याच कुळातला आहे, जहाजाच्या शब्दातसुद्धा तोच आहे. तर म्हणे "स्पेलिंग तेच म्हणजे मूळ तेच, सगळं शेवटी एकाच ठिकाणाहून येतं." लग्नापासून हाच डायलॉग, विषय कुठलाही असो.

स्पेलिंगचं काय घेऊन बसलात? स्वीडिश लोक त्यातला र म्हणतच नाहीत, र आणि त मिळून चक्क आपला ट होतो, फाऽट! ऑफिसात जिरोनाचा एक कॅटलान कलीग आहे, दिवसातली तिसरी मीटिंग लागली की "एस्तिक फार्त" करत उठतो, म्हणजे वैतागलो, पुरे झालं. तो लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ ठासून भरलेला, म्हणजे आपल्या 'अजीर्ण झालं'सारखंच. फार्ट, फार्त, फाट. देवनागरीत लिहा की, तीन वेगळे शब्द दिसतात.

आता खास भावोजींसाठी. इंग्रजी फार्टचा सख्खा नातेवाईक संस्कृतात आहे, पर्द्, त्यावरूनच आपलं पादणं. प चा फ आणि द चा ट, पादत्राणातल्या पाद आणि फूटचं झालंय तेच. म्हणजे दिसायला सेम ते तिघं एकमेकांना परके आणि जराही न दिसणारा आपला पाद घरचा निघाला. आणि बघा, पाद म्हणजे पाय आणि पाद म्हणजे तो दुसरा, आपल्याकडेच एका स्पेलिंगमध्ये दोन शब्द बसलेत, मूळ वेगळं, तेव्हा नाक कोणी दाबत नाही.

तर स्पेलिंगवर जाऊ नका, शब्दकोशात मूळ बघा, मगच हसा. हां, तो ट सगळीकडे नाही, खाली माल्मोकडे र घशातून काढतात, तिथे फाट म्हणत नाहीत. कॅटलानमध्ये बाई बोलत असेल तर फार्ता. आणि पहिल्या आठवड्यात त्या पाटीचा फोटो मीपण काढला होता, तो फक्त ग्रुपवर टाकला नाही.