भरपूर मॉडिफाय केलेली माझदा आरएक्स-७ विकायला आहे. घ्यावी का?

घ्या, पण किंमत ठरवताना इंजिन खराब झालेलंच आहे असं धरून चाला. ते खराब नाही हे दाखवून देणं विक्रेत्याचं काम, आणि त्यासाठीची टेस्ट काही फार मोठी नसते.

तुमच्या प्रश्नावरून गाडी १९९३ ची एफडी, म्हणजे आरएक्स-७ ची तिसरी पिढी आहे. कंपनीचे दोन टर्बो काढून एक मोठा बसवलाय, विक्रेता ४५० हॉर्सपॉवर सांगतोय, पार्ट्सची हातभर यादी आहे आणि शेवटी ‘इंजिन हल्लीच बांधलंय’, म्हणजे खोलून नव्याने जोडलंय. मी रोटरी इंजिनांचंच काम करतो, त्यामुळे अशी जाहिरात दिसली की माझी नजर आधी त्या शेवटच्या वाक्यावर जाते. कोणी बांधलं? आत काय-काय नवीन टाकलं? बिलं आहेत का? टर्बो कुठल्या कंपनीचा, रिम किती इंचाच्या, हे सावकाश बघता येईल.

या गाडीच्या १३बी रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत. ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर आणि प्रत्येकाच्या तिन्ही टोकांना एकेक सील, ज्याला एपेक्स सील म्हणतात. कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, टिकतं ते या सीलांच्या जिवावर. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) चढलेला असताना पेट्रोल कमी पडलं की डेटोनेशन होतं, म्हणजे इंधन नीट जळण्याऐवजी एकदम भडकून ठोका बसतो. पिस्टनचं इंजिन असे दोन-चार ठोके एखाद वेळेस पचवून जातं, इथे एकाच ठोक्यात सील तुटू शकतं. तुटलेला तुकडा एक्झॉस्टवाटे बाहेर पडताना टर्बोचीही वाट लावतो.

सिंगल टर्बो केला म्हणून मात्र नाक मुरडू नका. मूळ रचनेत कमी आरपीएमला एक टर्बो चालतो आणि ४,५०० च्या आसपास दुसरा जोडीला येतो. हे जमवायला बोनेटखाली व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जंजाळ आहे, आणि इतक्या वर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या कडक होऊन तडकतात. ते सगळं काढून नीट केलेला सिंगल टर्बो मला कधीही चालेल. मला भीती वाटते ती अर्धवट छेडलेल्या गाड्यांची: डाउनपाइप (टर्बोला लागूनचा एक्झॉस्ट पाइप) बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र जुनाच. मूळ वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) लहान असल्यामुळे बूस्ट आपोआप वर सरकतो आणि पेट्रोलचा पुरवठा तिथवर पोचत नाही. मालक खूश, गाडी पळतेय म्हणून!

आता टेस्ट. इंजिन पूर्ण गरम हवं. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो, कारण तो रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वात चांगल्या बाजूचाच आकडा धरून बसतो. रोटरीचा वेगळा टेस्टर असतो. तो दोन रोटरचे मिळून सहा आकडे देतो आणि स्टार्टर किती आरपीएमला फिरत होता तेही सांगतो. आकडे २५० आरपीएमला आणून मगच ताडून बघायचे, नाहीतर दमदार बॅटरीमुळे थकलेलं इंजिनही तरुण दिसतं. सहाही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत.

टेस्टर नसेल तर इंधन आणि इग्निशन बंद करून एका रोटरचा एक प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल मारा. भोकातून फुस्-फुस्-फुस् असे एकसारखे फटके यायला हवेत. दर तीनपैकी दोन फटके दबके आले तर एका टोकाचं सील गेलं असं समजा. दुसऱ्या रोटरवरही हेच करा. ‘गाडी मस्त चालते, टेस्टची काय गरज’ असं विक्रेता म्हणाला तर झाकली मूठ सव्वा लाखाची. सरळ नमस्कार करून निघा.

या टेस्टच्याही आधी, विक्रेत्याला सांगा की तुम्ही पोचाल तेव्हा गाडी थंडच असू दे. रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करायची. कूलंटमध्ये थांबायचं नाव न घेणारे बुडबुडे आणि मागे पांढरा धूर दिसला तर आतलं कूलंटचं सील गेलंय, म्हणजे इंजिन उतरवावंच लागणार. नंतर गाडी चांगली तापवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. थंड असताना झटकन चालू होणारी गाडी गरम असताना नुसती खेचत बसली तर कॉम्प्रेशन उतरलेलं असण्याची शक्यता मोठी.

गप्पांच्या ओघात विचारा, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता? हे इंजिन सील ओले राहावेत म्हणून मुळातच थोडं ऑइल जाळतं. वेगळा ईसीयू बसवताना बरेच जण त्या ऑइलचा पंप काढून टाकतात आणि टाकी भरताना टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. पंप काढलेला असूनही मालकाला हा प्रश्नच कळला नाही, तर ते इंजिन कोरडं फिरतंय.

४५० चा आकडा चाकांवरचा की इंजिनचा, आणि कुठल्या इंधनावर, हेही विचारा. रेसिंगच्या इंधनावर बसवलेला मॅप (ईसीयूमधलं इंधन-इग्निशनचं सेटिंग) साध्या पेट्रोलवर चालवणं म्हणजे डेटोनेशनला आमंत्रण. डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर हवा-इंधनाच्या प्रमाणाची रेघ असते. पेट्रोलवर, पूर्ण बूस्टला ती ११ च्या आसपास हवी. रेघच नसलेला कागद माझ्या लेखी रद्दी. एक गोष्ट फारसं कोणी बघत नाही: मोठा फ्युएल पंप मूळच्या बारीक वायरवर तर चालवलेला नाही ना? ऐन जोरात व्होल्टेज पडतं, पंप मंदावतो आणि पेट्रोल नेमकं तिथेच कमी पडतं. मॅपला पासवर्ड असेल तर तो व्यवहारातच लिहून घ्या.

सहा आकडे चांगले आले, कागद जुळले, तर मागतोय त्याच्या आसपास द्यायला हरकत नाही. आकडे पडले तर इंजिन बांधायचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. काढलेले जुने टर्बो आणि ईसीयू त्याच्याकडे अजून असतील तर तेही मागून घ्या.