मुलाखतीतली कोडी: उत्तर शोधण्याआधी शक्यता मोजा

तुमचा प्रश्न असा: मुलाखतीत विचारतात ती गणिती कोडी घरी निवांत बसलं की सुटतात, पण समोर माणूस असला की डोकं चालेनासं होतं. यांची काही पद्धत असते का, की शंभर-दोनशे कोडी उत्तरांसकट पाठ करून जावं?

पाठ करून जाऊ नका. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.

अगदी सुरुवातीच्या एका मुलाखतीत मला विचारलं, "सारखे दिसणारे बारा चेंडू आहेत. एकाचं वजन बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. दोन पारड्यांचा तराजू फक्त तीनदा वापरून तो शोधायचा." चेंडू आणि तराजू हे दोन शब्द कानावर पडले आणि मी सुटलोच. आठ चेंडू, त्यातला एक जड, दोनदा तोलून शोधा, हे कोडं मला तोंडपाठ होतं. तीन-तीन-दोनचे गट कसे करायचे ते मी घडाघडा सांगत गेलो. समोरच्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "वेगळा चेंडू जड आहे असं मी कुठे म्हटलं? हलकाही असू शकतो." त्यानंतरची दहा मिनिटं मी कागदावर गोल काढत होतो आणि खोडत होतो. ती नोकरी मिळाली नाही.

रात्री घरी तेच कोडं घेऊन बसलो. सहा विरुद्ध सहा, पाच विरुद्ध पाच, तीन विरुद्ध तीन, सगळं करून पाहिलं. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की मी चेंडू मोजत होतो, आणि मोजायच्या होत्या शक्यता. बारापैकी कुठलाही चेंडू वेगळा असू शकतो, आणि तो जड किंवा हलका असू शकतो. जड की हलका हेही सांगायचं धरलं, तर २४ शक्यता. तराजू एका वेळी तीनच गोष्टी सांगू शकतो: डावं पारडं खाली, उजवं खाली, किंवा दोन्ही बरोबर. तीनदा तोललं तर ३ × ३ × ३ म्हणजे २७ वेगवेगळे निकाल. २४ शक्यता २७ खणांत बसतात, पण कशाबशा. फारशी उधळपट्टी परवडणारी नाही.

आता पहिली पायरी आपोआप ठरते. पहिल्यांदा तोलून झालं की दोन तोलणी उरतात, त्यातून जास्तीत जास्त ९ शक्यता वेगळ्या करता येतात. सहा विरुद्ध सहा ठेवले तर पारडं कुठल्याही बाजूला झुकलं तरी १२ शक्यता उरतात. बाद. पाच विरुद्ध पाच ठेवून पारडं झुकलं तर १० उरतात. तेही बाद. तीन विरुद्ध तीन ठेवून बरोबर आलं तर बाहेरचे सहा चेंडू, प्रत्येकाचे दोन प्रकार, पुन्हा १२. चार विरुद्ध चार ठेवले तर मात्र पारडं झुको वा न झुको, दरवेळी ८ उरतात. म्हणजे सुरुवात चार विरुद्ध चारनेच करायची, आणि हे कळायला एकही चेंडू उचलावा लागला नाही.

पुढे तोच हिशेब. समजा डावं पारडं खाली गेलं. मग डावीकडच्या चारपैकी एक जड आहे किंवा उजवीकडच्या चारपैकी एक हलका. या ८ शक्यता आता तीन, तीन, दोन अशा वाटायच्या. डावीकडचे दोन आणि उजवीकडचा एक असे एका पारड्यात घ्या. डावीकडचे उरलेले दोन आणि उजवीकडचा दुसरा एक असे दुसऱ्या पारड्यात. उजवीकडचे राहिलेले दोन बाहेर. पारडी बरोबर आली तर बाहेरच्या दोघांपैकी एक हलका. पारडं झुकलं तर खाली गेलेल्या बाजूचे दोन संशयित जड आणि वर गेलेल्या बाजूचा एक संशयित हलका. ते दोन संशयित जड समोरासमोर तोलले की निकाल लागला: जो खाली जाईल तो जड, बरोबर आले तर तिसरा हलका. पहिल्यांदाच पारडी बरोबर आली असतील तर बाहेरच्या चारांपैकी तीन घ्या आणि ते तीन खात्रीच्या चेंडूंसमोर ठेवा, तिथून वाट सरळ आहे.

मला सांगायचंय ते एवढंच: उत्तराच्या मागे लागण्याआधी विचारा, एकूण शक्यता किती आणि माझ्या एका प्रयोगातून किती वेगळे निकाल मिळतात. हजार बाटल्या, एकीत विष, आणि दहा उंदरांना चाखायला देऊन ती बाटली शोधायची, हे कोडं तुम्ही ऐकलं असेल. उंदीर जगतो किंवा मरतो, दोनच निकाल. दहा उंदरांचे २ चा दहावा घात म्हणजे १०२४. हजार बाटल्या त्यात बसतात. बाटल्यांना द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, क्रमांक दिले की कुठल्या उंदराला कुठल्या बाटल्या हेही ठरतं. चेंडूंचं कोडं आणि हे, दोन्हींचा सांगाडा एकच.

आता गेली काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. तिथून जे दिसतं ते उमेदवार म्हणून कधीच दिसलं नव्हतं, म्हणून एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो.

एका मुलीला दोन अंड्यांचं कोडं घातलं होतं. शंभर मजली इमारत, हातात दोन अंडी. कितव्या मजल्यापर्यंत अंडं टाकलं तरी फुटत नाही ते शोधायचं. वाईटात वाईट परिस्थितीतही प्रयत्न कमीत कमी लागले पाहिजेत. तिने आधी विचारलं, "न फुटलेलं अंडं पुन्हा वापरता येईल ना? आणि न फुटता पडलं तर ते कमजोर होत नाही असं धरू?" दोन्हींना मी हो म्हटलं. मग क्षणभर गप्प राहून म्हणाली, "समजा एकच अंडं आहे." आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं: एकच अंडं असेल तर पहिल्या मजल्यापासून एकेक मजला चढत जाण्यावाचून गत्यंतर नाही, कारण मध्ये उडी मारली आणि अंडं फुटलं तर सगळंच संपलं.

इथेच तिने कोडं निम्मं सोडवलं होतं. बहुतेक जण थेट पन्नासाव्या मजल्यावर जातात. तिथे पहिलं अंडं फुटलं तर दुसऱ्याने खालचे ४९ मजले एकेक करून चढायचे, म्हणजे ५० प्रयत्न. काही जण दहा-दहाच्या उड्या मारतात. ते बरंच बरं, पण वाईटात वाईट १९ लागतात. तिने प्रश्न उलटा धरला: "मला क्ष प्रयत्न दिलेत असं समजू. तेवढ्यात किती मजले झाकता येतील?" पहिलं टाकणं क्षव्या मजल्याच्या वर जाऊ शकत नाही, कारण फुटलं तर खालचे सगळे मजले उरलेल्या क्ष वजा एक प्रयत्नांत एकेक करून तपासायचेत. नाही फुटलं तर एक प्रयत्न खर्च झाला, म्हणून पुढची उडी एकाने लहान. मग आणखी एकाने लहान. म्हणजे क्ष, क्ष वजा एक, असं करत एकपर्यंतची बेरीज शंभरापर्यंत पोचली पाहिजे. तेराची बेरीज ९१, चौदाची १०५. उत्तर १४. पहिलं अंडं १४ व्या मजल्यावरून, मग २७, ३९, ५० असं वर वर जायचं.

बेरजेत ती एकदा चुकली होती, मी दाखवून दिल्यावर सुधारली. त्या चुकीचा माझ्या मतावर काडीचा परिणाम झाला नाही. तिने आधी शंका विचारल्या, मग कोडं लहान केलं, मग प्रश्नाची दिशा फिरवली, आणि हे सगळं मला ऐकू येईल असं केलं. टेबलाच्या या बाजूला बसलेल्याला दुसरं काय हवं असतं? जो पाच मिनिटं गप्प बसून एकदम "चौदा" म्हणतो, त्याच्याबद्दल मला काहीच कळत नाही. पाठ असेल, सुटलं असेल, काहीही असेल.

म्हणून कोडं आधी ऐकलेलं असेल तर सांगून टाका. "हे मला माहीत आहे" म्हटल्याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. फार तर दुसरं कोडं मिळतं. माहीत असून आत्ताच सुचल्याचं नाटक करणारे मात्र पुढच्या एका प्रश्नात उघडे पडतात. तीन अंडी असती तर?

शंका विचारणं म्हणजे वेळ काढणं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. काही कोड्यांचं उत्तरच एका अटीवर लटकलेलं असतं. तीन दारांचं कोडं घ्या. एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रधार उरलेल्या दोहोंपैकी बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचंय का? बदलावं; बदललं तर जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश. अमेरिकी स्तंभलेखिका मॅरिलिन व्होस साव्हंट यांनी १९९० मध्ये आपल्या सदरात हे उत्तर दिलं तेव्हा ते चूक आहे असं सांगणारी हजारो पत्रं आली, त्यात गणिताच्या प्राध्यापकांचीही होती. पॉल एर्दोशसारख्या गणितज्ञालाही ते पटेना; संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला तेव्हा त्यांनी मानलं. तेव्हा तुम्ही गोंधळलात तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्हाला पटवून घ्यायचं असेल तर तीनऐवजी शंभर दारं करा. तुम्ही एक निवडलं, सूत्रधाराने ९८ बकऱ्या दाखवून एकच दार बंद ठेवलं. आता बदलाल की नाही? पण या सगळ्यात एक अट दडलेली आहे: गाडी कुठे आहे हे सूत्रधाराला माहीत आहे आणि तो मुद्दामच बकरीचं दार उघडतो. त्याने डोळे मिटून दार उघडलं आणि योगायोगाने बकरी निघाली, तर शक्यता निम्मी-निम्मी होते. म्हणून मुलाखतीत हे कोडं आलं तर "सूत्रधाराला माहीत आहे का?" हे आधी विचारा. त्या एका प्रश्नावरून समोरच्याला कळतं की तुम्हाला कोडं खरंच समजलंय.

संभाव्यतेचं आणखी एक कोडं मला फार आवडतं. नाणं उडवत राहायचं. लागोपाठ छापा-छापा येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल, आणि छापा-काटा येईपर्यंत किती? दोन्ही सारखंच असणार असं वाटतं. पहिल्याला ६, दुसऱ्याला ४. छापा-काटा हवा असेल तर छापा यायला सरासरी दोन वेळा, मग काटा यायला आणखी दोन; मध्ये परत छापा आला तरी काही बिघडत नाही, तो छापा कामाचाच आहे. छापा-छापा हवा असेल तर एकदा छापा आल्यावर काटा पडला की सगळं पहिल्यापासून. पहिला छापा यायला दोन, त्यावर एक फेक, आणि निम्म्या वेळा पुन्हा श्रीगणेशा: सरासरी स असेल तर स = ३ + स/२, म्हणून स = ६. "अडलो की कुठे परत जातो?" हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, अशा कोड्यांत तो हमखास उपयोगी पडतो.

झटपट कोड्यांवर फार वेळ घालवू नका. जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना ६०, तर सरासरी ४८, पन्नास नव्हे. तळ्यातली कमळं रोज दुप्पट होतात आणि ४८ व्या दिवशी तळं भरतं, तर अर्धं भरतं ४७ व्या दिवशी. यांत तोंडातून पहिलं निघणारं उत्तर बहुधा चुकीचं असतं, एवढं लक्षात ठेवून दोन श्वास थांबलं की पुरतं.

आणि ज्या कामासाठी जाताय ते बघून तयारी करा. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये एका मुलाखतीत स्पष्ट म्हटलं होतं की डोकं खाजवायला लावणारी कोडी हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, त्यावरून माणूस काम कसं करेल ते कळत नाही. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील असल्या प्रश्नांबद्दल मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. संभाव्यतेच्या कोड्यांचं तसं नाही. आकडेवारी किंवा शेअर व्यवहारांच्या कामात तोच विचार रोज करावा लागतो, तिथे ती विचारणं रास्तच आहे.

राहिला समोर माणूस असताना डोकं बंद पडण्याचा प्रश्न. घरी गप्प बसून कोडी सोडवता म्हणून तिथे बोलताना अडतं. घरीही मोठ्याने बोलत सोडवा, समोर कुणी नसलं तरी. सुरुवातीला विचित्र वाटेल. दोन आठवड्यांत जीभ आणि डोकं बरोबर चालायला लागतात, माझ्या बाबतीत तरी तेवढेच लागले. आणि अडलात तर अडल्याचं बोला: "इथपर्यंत आलोय, या दोन शक्यता वेगळ्या कशा करायच्या ते दिसत नाही." समोरचा बहुतेक वेळा हात देतो, आणि दिलेला हात तुम्ही कसा वापरता तेही तो पाहत असतो.

आज रात्री सुरुवात करायची असेल तर बाराऐवजी तेरा चेंडू घ्या. शक्यता २६, निकाल २७, म्हणजे बसायला हवं. तरीही तीन तोलण्यांत वेगळा चेंडू आणि तो जड की हलका, हे दोन्ही दरवेळी सांगता येत नाही. पहिल्यांदा किती विरुद्ध किती ठेवता येतील ते एकेक करून तपासा, मोठ्याने बोलत. गाडी नेमकी कुठे अडते ते लगेच सापडेल. मग नुसता चेंडू ओळखायचा, जड की हलका सांगायचं नाही, अशी अट सैल करून पुन्हा बसा. ते जमतं.