किनाऱ्यावरच्या गिझरची देखभाल: ॲसिडने धुण्याआधी ॲनोड पाहावा

आपण तीन तक्रारी मांडल्या आहेत: गुहागरच्या घरातील १५ लिटरचा विजेचा गिझर पाणी तापवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो, सकाळचे पहिले गरम पाणी पिवळसर येते आणि गिझरखालच्या झडपेतून पाणी ठिबकते. कारागिराने यावर टाकी ॲसिडने धुऊन घ्यायला सांगितले आहे. तो सल्ला आपण मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटावर बोअरवेलच्या जड पाण्यामुळे कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून तेथे थर काढणे हीच मुख्य देखभाल ठरते. आपल्याकडे जांभ्यातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. अशा पाण्यात गिझर मरतो तो गंजाने. संडास धुण्याचे ॲसिड कॉइलचे आवरण खातेच, शिवाय टाकीच्या मुलाम्याला बारीक तडे गेले असतील तर तेथून आतले पोलादही खाते. कॉइलवर खरोखर थर असेल, तर ती बाहेर काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी, तेवढे पुरते.

टाकीत मॅग्नेशियमची एक सळई असते, तिला ॲनोड म्हणतात. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः झिजते, आणि मचूळ पाण्यातून वीज अधिक सहज वाहत असल्याने तेथे ती लवकर संपते. मुख्य एमसीबी बंद करून, थंड पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी आणि मग खालची झाकणपट्टी उघडावी. बहुतेक उभ्या गिझरमध्ये कॉइल आणि ॲनोड तिच्यावरच बसवलेले असतात. नवी सळई गुळगुळीत असते. जुनीला खोल खड्डे पडतात, ती जागोजागी बारीक होते, आणि मधली पोलादी तार दिसू लागली की ती तशीच परत बसवण्यात अर्थ नसतो. झाकण लावताना गास्केट नवे घ्यावे, जुने दाबून बसवण्याची काटकसर करू नये. वॉरंटी चालू असेल तर हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. ही तपासणी वर्षातून एकदा, मचूळ पाण्याचे महिने सरल्यावर, पावसाच्या तोंडाला करावी.

पिवळेपणाबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी थंड आणि गरम पाणी दोन पांढऱ्या कपांत शेजारी शेजारी धरून पाहावे. दोन्ही पिवळसर असतील तर ते जांभ्यातले लोह आहे, गिझरचा दोष नाही. फक्त गरम पाणी पिवळे असेल तर टाकीच्या तळाशी गाळ तरी साचला आहे किंवा गंज तरी सुरू झाला आहे, आणि ॲनोड पाहणे पुढे ढकलू नये.

वेळेच्या तक्रारीत मला गिझरपेक्षा व्होल्टेजचा संशय अधिक आहे. २ किलोवॉटची कॉइल २३० व्होल्टवर १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत साधारण १८ मिनिटांत नेते; वाडीच्या टोकाच्या घरात व्होल्टेज १९० पर्यंत उतरले, तर त्याच कामाला सुमारे २७ मिनिटे लागतात, कारण व्होल्टेजच्या मानाने कॉइलची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते. वायरमनकडून गिझर चालू असतानाचे व्होल्टेज मोजून घ्यावे.

झडपेचे ठिबकणे केवळ पाणी तापत असताना होत असेल तर ते योग्यच आहे. एवढे पाणी ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे २०० मिलिलिटरने फुगते, आणि मागे जाण्याची वाट बंद असल्यामुळे ते झडपेतूनच बाहेर येते. ठिबकते म्हणून तिच्या तोंडाला बूच मारणारे लोक मी पाहिले आहेत. तो प्रकार जिवावर बेतू शकतो. गिझर बंद असतानाही ठिबकत असेल, तर झडपेच्या बैठकीत रेती अडकलेली असण्याची शक्यता जास्त, कारण गच्चीवरच्या टाकीचा दाब १० मीटर उंचीला जेमतेम १ बार असतो आणि झडप साधारणतः ८ बारच्या आसपास उघडते.

अर्थिंगकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होते. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा निकामी होऊ लागतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे, आणि खाऱ्या हवेने पट्टीचा सांधा गंजला असेल तर तो घासून पुन्हा आवळावा. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवावा. असेल तर त्याचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे.

घर गणपतीपासून होळीपर्यंत बंद राहणार असेल तर गिझर रिकामा करून जावे. परत आल्यावर गरम पाण्याच्या नळाला अखंड धार लागेपर्यंत बटण चालू करू नये, कारण कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.