आजारी पडायच्या आधीच बोलून घे

प्रिय पोरी,

काल फोनवर सांगितलंस की काम पक्कं झालं, बाळ आठ महिन्यांचं आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, महिना पंधरा हजार, रविवार सुट्टी, चहा जेवण तिथंच. ऐकून खूप बरं वाटलं. मग मी विचारलं की आजारी पडलीस तर काय ठरलंय, तर म्हणालीस ते आत्ताच कशाला मावशी, पहिल्याच दिवशी सुट्टीचं काढलं तर त्यांना वाटेल ही खाडे करणारी आहे. रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहितेय. फोनवर एवढं बोलणं होत नाही, मधेच माझ्याकडचं बाळ उठतं.

मी बावीस वर्षं पुण्यात लोकांची बाळं सांभाळतेय. धुणंभांडी पण केलीत त्याआधी. भांडी एक दिवस पडून राहिली तर राहतात, फार तर ताई चिडून स्वतः घासतात. बाळ पडून राहत नाही ना. आपण गेलो नाही की त्या आईला ऑफिसला कळवावं लागतं, मीटिंग असेल तर रडकुंडीला येते बिचारी, म्हणजे खाडा आपला एकीचा पण घरी बसतात दोघी. म्हणून ही माणसं आपल्या आजारपणाला घाबरतात आणि घाबरली की कडक बोलतात. हे तू समजून घे, पण समजून घेतलं म्हणून गप्प बसायचं असं नाही.

कारण आजारपण या कामात येणारच आहे. बाळ सर्दीचं नाक आपल्याच खांद्याला पुसतं, आपल्या तोंडात बोटं घालतं, उलटी आपल्याच अंगावर करतं, आणि पुढे प्लेस्कूलला जायला लागलं की दर महिन्याला काहीतरी घेऊन येतं, कधी जुलाब, कधी डोळे, कधी तो हाता-पायाला आणि तोंडात फोड येणारा आजार. मला कितीतरी दुखणी कामाच्या घरातूनच मिळालीत. आणि आपल्याकडून बाळाला जातात तीही तशीच. म्हणून आपला ताप हा आपला घरचा मामला नाही, तो या कामाचाच भाग आहे, आणि त्याचा पगारही कामाच्या बोलण्यातच ठरला पाहिजे.

एक सांगते, हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. नवीन होते तेव्हा एकदा माझे डोळे आले. दोन दिवसांचे पैसे कापले जातील आणि महिना अखेर होती, घरी रॉकेल संपत आलेलं, म्हणून मी गेले, ताईंनी विचारलं डोळे लाल का तर म्हटलं रात्री झोप नाही झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे दोन्ही डोळे चिपडांनी चिकटलेले. सात महिन्यांचं लेकरू ते, डोळ्यात थेंब घालताना दोघींनी धरावं लागायचं आणि माझ्याकडेच बघून रडायचं. मग त्याच्या आईला झालं, मग आजीला. मला कुणी काही बोललं नाही, पण मला माहीत होतं. तसं तू करू नकोस. पण त्या घरात खाड्याचं आधी बोललेलं असतं ना तर मीही केलं नसतं, हेही तितकंच खरं.

तर सोमवारी काय बोलायचं ते सांगते. सुट्टी द्या असं म्हणू नकोस. असं विचार की ताई, बाळ लहान आहे, मला ताप आला किंवा जुलाब लागले तर मी येऊ की नको? त्या नक्की म्हणतील नको नको, येऊ नकोस. मग लगेच पुढचं विचारायचं, बरं मग त्या दिवसाचा पगार कसा करायचा? एवढंच. उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे. तुमच्या बाळासाठी मी घरी बसणार असेन तर पैसे कापणं बरं दिसत नाही हे चांगल्या माणसाला आपोआप कळतं, आणि बहुतेक माणसं चांगली असतात गं, फक्त त्यांनी कधी विचारच केलेला नसतो.

आकडा विचारला तर वर्षाला बारा सांग, आठवर ये. आठ का, तर आपल्या महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी 2017 चा कायदा आहे, ठरावीक संख्येच्या वर माणसं कामाला असतील तिथं वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी द्याव्या लागतात. घराला तो लागू नाही, पण आकडा हवेतला नाही एवढं तरी त्यांना कळतं. त्या ताईंना बाळंतपणात 26 आठवडे पगारी रजा मिळाली असेल, त्यांना रजेची किंमत माहीत आहे. आपल्या घरकामगारांचाही 2008 चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वयात नोंदणी होते, ती तू करूनच घे, पण आजारपणाची पगारी रजा त्यात नाही. ती आपली आपणच बोलून घ्यावी लागते. 1980 साली याच पुण्यात बायकांनी संप केला होता, मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली, पगाराबरोबर सुट्टीही मागितली होती त्यांनी. तू एकटीच काही वेगळं मागत नाहीयेस.

आठच्या वर गेलं तर खाडा कापतील, ते ठीक, पण कसा कापणार ते विचार. पंधरा हजाराला 30 ने भागलं तर दिवसाचे 500, आणि रविवार सोडून 26 ने भागलं तर 577. आणि मधे रविवार आला तर तो कापायचा नाही हे स्पष्ट बोल. मला डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस गेले, त्यात रविवार होता, तोही कापला. पैशाचं एक वेळ सोड, दहाव्या दिवशी गेले तर दार दुसऱ्याच बाईने उघडलं, कडेवर बाळ. चौदा महिने मी त्याला वाढवलेलं. माझ्याकडे झेपावलं ते, आणि तिने त्याला आत नेलं. कोण होती माणसं ते सांगत नाही, पण त्या दिवशी मी जिन्यात बसून राहिले होते बराच वेळ. तेव्हापासून मी प्रत्येक घरात विचारते, मोठं आजारपण आलं तर काम किती दिवस राखून ठेवाल. पंधरा दिवस तरी कबूल करून घे. तेवढ्यात बदली बाई ठेवली तर तिचे पैसे तुझ्या पगारातून नाही जाणार हेही. आणि न विचारता आपली बहीण वगैरे बदली म्हणून पाठवायची नाही, अनोळखी माणसाच्या हातात कुणी बाळ देत नाही.

माझी चूकही होतीच त्यात. मी शेजारच्या मुलाकरवी निरोप दिला होता की बरं नाही, बस्स. पुढे चार दिवस काही कळवलं नाही, फोन बंद. त्या आईने काय समजायचं? तू रात्रीच मेसेज कर, सकाळी पावणेआठला नको. काय होतंय ते लिही, डॉक्टरची चिठ्ठी फोटो काढून पाठव, कधीपर्यंत येशील ते अंदाजाने सांग आणि रोज संध्याकाळी एकदा कळव.

कशाला घरी राहायचं? ताप, जुलाब, उलट्या, डोळे येणं, अंगावर पुरळ. या बाळाला गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनी मिळेल, म्हणजे अजून मिळालेली नाही, त्यामुळे ताप आणि पुरळ असेल तर दारापर्यंतही जायचं नाही. कांजिण्या झाल्या तर सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत नाही. साधी सर्दी असेल तर फोन करून विचार, मास्क लाव, हात धू. कंबर धरली असेल तरी सांग, उचलताना तोल गेला तर पडणार बाळच.

तुझा स्वतःचा मुलगा अंगणवाडीत जातो, तोही आजारी पडणार. त्या आठात त्याचेही दिवस धरायचे का हे विचारायला लाजू नकोस, त्या पण आईच आहेत. पण गावची जत्रा, भावाचं लग्न हे आजारपणात घालायचं नाही, ते महिनाभर आधी सांगायचं. पोटात दुखतंय म्हणून गेलं आणि स्टेटसला फोटो ठेवले की ताईंना दिसतातच, आणि मग खरा ताप आला तरी कुणी विश्वास ठेवत नाही. याने पुढच्या बाईचंही नुकसान होतं.

उलट बाजू पण बोल. त्यांच्या घरात कुणाला काही लागण असेल तर तुला आधी सांगायचं, तुझ्याही घरी लेकरू आहे. ते स्वतः म्हणाले दोन दिवस येऊ नकोस, किंवा फिरायला गेले, तर तो खाडा नाही, तू यायला तयार होतीस.

आठ नाही म्हणाले, सहा म्हणाले, तरी घे. चार म्हणाले तरी सुरू कर आणि दिवाळीला परत काढ. पण ताप असला तरी गोळी घेऊन ये असं कुणी म्हणालं तर ते घर घेऊ नकोस, मी दुसरं बघून देते, खरंच. ज्यांना आपल्या बाळाचीच काळजी नाही ते तुझी काय करणार.

बोलणं झालं की त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, ताई आपलं असं असं ठरलं, बरोबर आहे ना. त्यांचा ओके आला की तो मेसेज जपून ठेव.

सोमवारी काय झालं ते मला फोन करून सांग, साडेसातनंतर कर, तेव्हा मी बसमध्ये असते.

तुझी मावशी